ग्रुशीनं बोलायचं नाही

दुकानात ट्रिपल झीरोचा ब्रश एकच उरला होता आणि त्यावर हात मात्र दोन पडले.

एक हात संजनाचा. दुसरा कुणाचा म्हणून तिनं मान वळवली, तर एक उंच, सावळा, अर्धा भिजलेला तरुण ब्रश सोडून दोन पावलं मागेसुद्धा सरकलेला! ब्रशला हात लावला की शॉक बसतो असं त्याला कुणी सांगितलं होतं की काय, कोण जाणे.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला.

"अहो, पण आधी हात तुमचा होता."

"हो... म्हणजे होता. पण घ्या."

बाहेर नाशिकच्या रविवार कारंज्यावर परतीचा पाऊस असा कोसळत होता की समोरचं दुकान दिसेना. छत्री दोघांकडेही नव्हती. दुकानदार मागे चहा प्यायला गेला तो गेलाच. आता अशा वेळी दोन माणसांनी करायचं काय? एकानं रंगांच्या बाटल्यांवरची नावं वाचायची आणि दुसऱ्यानं त्याच्याकडे चोरून बघायचं, दुसरं काय!

"काय रंगवता?" शेवटी संजनानंच विचारलं.

"घोडे."

"इतक्या बारीक ब्रशनं?"

"घोडेच बारीक आहेत." त्यानं शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढून उघडली. आत कापसावर एक घोडेस्वार आडवा पडला होता. अंगठ्याच्या पेराएवढा! पण छातीवर चकाकतं चिलखत, डोक्यावर तुऱ्याचं शिरस्त्राण, घोड्याच्या नाकपुड्या फुललेल्या. "नेपोलियनचा स्वार आहे. मिशी तेवढी काढायची राहिलीय."

"अगंबाई!" संजना काडेपेटीवर वाकली. "हे तुम्ही केलंत?"

"हो. आणि तुम्ही? तुम्ही काय रंगवता?"

"दात."

त्यानं झटकन तोंड मिटलं. संजनाला हसू आवरेना. मग तिनं सांगितलं, की गंगापूर रोडवर दातांची लॅब आहे, तिथे ती नकली दात बनवते. दात काही चुन्यासारखा पांढरा नसतो, त्यात पिवळट, करडी, निळसर छटा असते, ती भरावी लागते, नाहीतर माणूस हसला की लबाडी उघडी पडते.

"नाव काय तुमचं?" तिनं विचारलं.

"संघर्ष."

"काय सांगता! नाव संघर्ष, आणि साध्या ब्रशसाठी भांडण नाही?"

बिचाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात पाऊस ओसरला, दुकानदार आला आणि ब्रश संजनाच्या पिशवीत गेला.

"असं करा," पायरी उतरताना ती म्हणाली, "ब्रश माझ्याकडे आहे. मिशी घेऊन या लॅबमध्ये. काढून देते."

तो आला. दोनच दिवसांत आला आणि काउंटरवर काडेपेटी ठेवून कुणी औषध घ्यायला आल्यासारखा उभा राहिला. संजनानं भिंगाखाली धरून एका झटक्यात मिशी काढली. पुढच्या आठवड्यात त्यानं चार स्वार आणले. मग खोकंच आणलं. लॅबमधल्या मुली त्याला 'मिशीवाला' म्हणायला लागल्या. संघर्ष एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची मॉडेलं बनवायचा, त्यामुळे बोटांत कसब भरपूर. जिभेचं तेवढं विचारू नका. "बरंय" आणि "येतो" एवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

एकदा तिनं त्याच्या एका शिपायाच्या कोटावरची बटणं मोजली. टाचणीच्या टोकाएवढी बटणं, एकेक नीट सोनेरी!

"ही कुणी काढली?"

"मीच."

"म्हणजे तुम्हाला बटणं काढता येतात आणि मिशी काढता येत नाही होय?"

तो खाली बघत राहिला. मग इतक्या हळू म्हणाला, की तिला पुढे झुकावं लागलं, "येते की."

त्या दिवसापासून अहो-जाहो संपलं.

हे एवढे शिपाई कशासाठी, ते संजनाला संघर्षबरोबर इंदिरानगरला उपेंद्रकाकांकडे गेल्यावर कळलं. उपेंद्रकाका म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांच्या बंगल्याच्या वरच्या हॉलमध्ये दोन टेबल टेनिसची टेबलं जोडून त्यावर अख्खं बेल्जियम पसरलं होतं. थर्माकोलच्या टेकड्या, लाकडाच्या भुशाची शेतं, दोरखंडाच्या धाग्यांचं गवत, दोन तटबंदीची शेतघरं... आणि कडेला कपाटात निळे, लाल, हिरवे, काळे शिपाई दाटीवाटीनं उभे. नेपोलियनची शेवटची लढाई, वॉटर्लू, इथे खेळायची होती. फासे टाकायचे, पट्टीनं मोजून सैन्य हलवायचं आणि इतिहास पुन्हा घडतो का बिघडतो ते बघायचं. दोन वर्षं तयारी चालली होती. टेकड्या सगळ्या संघर्षच्या हातच्या. शिपाई छापून द्यायचा आल्हाद. त्याचं द्वारका चौकाजवळ थ्रीडी प्रिंटिंगचं दुकान होतं आणि आवाज असा की द्वारकेच्या ट्रॅफिकमध्येही ऐकू जावा. चौथा ज्ञानेश, बँकेत नोकरीला, दर डावाला "एक मिनिट हं" म्हणणारा.

संजनानं शिपायांच्या छातीवरचे पांढरे पट्टे बघितले आणि नाक मुरडलं. "किती पांढरे! खोटे वाटतात. ए-टू शेड लावा."

"ए-टू म्हणजे?" आल्हादनं विचारलं.

"दाताची शेड. आपल्याकडे बहुतेकांचे दात ए-टूच असतात. तुझे बी-थ्री आहेत, चहा कमी कर."

आल्हादनं ओठ मिटले ते थेट घरी जाईपर्यंत. मालिनीकाकू, म्हणजे उपेंद्रकाकांच्या सौभाग्यवती, थोड्या वेळानं चहाचा ट्रे घेऊन वर आल्या. त्या म्हणाल्या, "या मुलीला दर रविवारी बोलवा हो. वीस मिनिटं शांतता मिळाली."

मग दर रविवारी संजना तिथेच. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला संघर्ष, मध्ये वर्तमानपत्रावर वाळत घातलेली सम्राटाची फौज. रंगाचं झाकण घट्ट बसलं की तो न बोलता हात पुढे करायचा आणि उघडून द्यायचा. तिचा चहा गार झाला की कप उचलून खाली जायचा आणि गरम करून आणायचा. जानेवारीतल्या बोचऱ्या थंडीत एकदा त्यानं स्वतःचा मफलर तिच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि 'चुकून राहिला' म्हणाला. चुकून! मफलर काय स्वतःहून चालत येतो? संजनाला सगळं कळत होतं. नजरेतून कळत होतं, हातांतून कळत होतं. पण माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकावासा वाटतो की नाही? तिला वाटत होता. फार वाटत होता.

लढाईच्या आधीच्या आठवड्यात लॅबच्या मॅडमनी तिला आत बोलावलं. कोचीला दातांची एक मोठी लॅब आहे, तिथे कॉम्प्युटरवर दात घडवायचं नवं तंत्र शिकवतात, वर्षभर पगारासकट. नाशिकमधून त्यांना एकच नाव द्यायचं होतं. "रविवारी संध्याकाळपर्यंत सांग," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर दुसरीला पाठवते."

घरी आईनं ऐकून एकच विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" जायचं तर होतंच. असली संधी कोण सोडतं? पण जाणं दोन तऱ्हांचं असतं. मागे कुणी वाट बघणारं आहे हे माहीत असून जाणं वेगळं, आणि आपलं आपण समजून घेतलेलं सगळं मनाचे खेळ तर नव्हते ना, असा किडा डोक्यात घेऊन जाणं वेगळं.

त्या संध्याकाळी ती संघर्षच्या स्कूटरवर मागे बसून त्रिरश्मीच्या डोंगराच्या पायथ्याशी गेली. लेण्यांवरून उतरणारी माणसं शेंगदाणे खात घरी चालली होती. संजनानं कोचीचं सगळं सांगितलं आणि मग त्याच्याकडे बघत राहिली.

तो हेल्मेटचा पट्टा लावत होता, काढत होता. लावत होता, काढत होता.

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं.

पट्टा आणखी एकदा लागला, निघाला. मग तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर."

झालं! एवढंच! ती "बरं" म्हणाली आणि स्कूटरवर बसली. परतीच्या वाटेवर तिनं त्याच्या खांद्याला धरलं नाही, सीटच्या मागची दांडी धरली.

रविवारी ती जाणार नव्हती. पण सकाळीच उपेंद्रकाकांचा फोन आला. राजू नावाचा त्यांचा अधूनमधून येणारा खेळाडू सिन्नरला लग्नाला गेला होता आणि ग्रुशी व्हायला माणूस नव्हता.

"काका, मला खेळता येत नाही."

"ग्रुशीला काही यावं लागत नाही गं. ये तू."

आता हा ग्रुशी कोण, ते सांगायला हवं. नेपोलियनचा सरदार. लढाईच्या आदल्या दिवशी नेपोलियननं फौजेचा तिसरा हिस्सा देऊन त्याला पळणाऱ्या प्रशियनांच्या, म्हणजे इंग्रजांच्या दोस्तांच्या, मागावर पाठवलं. दुसऱ्या दिवशी इकडे वॉटर्लूला तोफा धडाडल्या, ग्रुशीला दुरून आवाज ऐकू येत होता, पण परत ये असा स्वच्छ हुकूम काही वेळेत मिळाला नाही. तो गेला नाही. प्रशियन मात्र त्याला चकवून तिकडे पोचले आणि नेपोलियन बुडाला.

मागे एकदा छोट्या प्रमाणावर हीच लढाई खेळताना ग्रुशी झालेला राजू नेपोलियनच्या, म्हणजे संघर्षच्या, शेजारीच बसला होता. त्यानं नुसतं "काय, येऊ का?" विचारलं, संघर्ष "ये" म्हणाला आणि जेवायच्या आत नेपोलियन जिंकला. काही मजाच आली नाही. तेव्हा संघर्षनं स्वतः नियम लिहून भिंतीला चिकटवला. ग्रुशीनं गॅलरीत वेगळ्या टेबलावर बसायचं. नेपोलियनशी बोलायचं नाही. काही सांगायचं तर चिठ्ठी पंचाकडे, म्हणजे उपेंद्रकाकांकडे द्यायची आणि पंच ती दोन डावांनी पोचवणार, कारण घोडेस्वाराला अंतर कापायला वेळ लागतो. आणि दोघांपैकी कुणी तोंड उघडलं, तर दर वाक्याला फ्रेंचांचा एक डाव बाद. तेवढा वेळ अख्खी फ्रेंच फौज जागेवर पुतळ्यासारखी उभी.

असला नियम! पण संघर्षला तो फार आवडायचा. गप्प बसायची सोय कुणाला आवडणार नाही?

संजना आली. खाली स्वयंपाकघरात मालिनीकाकूंना कोचीचं सांगून वर गेली. संघर्षनं मान वर करून बघितलं, काहीतरी बोलायला ओठ हलवले, तर उपेंद्रकाकांनी घंटी वाजवली. "लढाई सुरू! ग्रुशी, गॅलरीत. आता बोलणं बंद."

गॅलरीत कोवळं ऊन होतं. छोट्या टेबलावर तिनं स्वतः रंगवलेले शिपाई ए-टू शेडचे पट्टे लावून उभे होते. समोर ज्ञानेशचे काळपट निळ्या कोटातले प्रशियन. ज्ञानेश "एक मिनिट हं" म्हणत खेळता खेळता हळूच आपली बरीच फौज उपेंद्रकाकांच्या ट्रेमध्ये भरायला लागला आणि काका ती हॉलमध्ये घेऊन चालले. संजना खेळात नवी होती, खुळी नव्हती. प्रशियन तिच्या हातावर तुरी देऊन नेपोलियनच्या बगलेत शिरायला निघाले होते.

हॉलमधून फाशांचा खडखडाट येत होता. "शेतघर गेलं!" असा आल्हादचा ओरडा आला. आल्हाद वेलिंग्टन होता, इंग्रजांचा सेनापती, आणि त्याच्या आवाजावरून त्याचं काही खरं नव्हतं. दारातून बघितलं तर त्याची फळी पातळ झाली होती. संघर्षचे जुने पहारेकरी, सम्राटाची खास राखीव फौज, अजून ताजेतवाने मागे उभे होते. आणखी एक-दोन डाव, की ते पुढे घुसणार आणि इंग्रजांची फळी फुटणार. दोन वर्षं ज्यासाठी थर्माकोल कापला, ते घडत होतं. संघर्षचा चेहरा असा उजळलेला तिनं कधी बघितला नव्हता. आणि बघून, राग असूनही, तिला बरं वाटलं.

तिनं चिठ्ठी लिहिली. 'प्रशियन तुमच्याकडे येत आहेत. मी येऊ का?' काकांकडे दिली.

एक डाव गेला. दुसरा गेला. मोबाइलवर मॅडमचा मेसेज आला. संध्याकाळी विसरू नकोस. तिनं फोन उलटा ठेवला. शेवटी एकदाचे काका उत्तर घेऊन आले. संघर्षचं रेखीव अक्षर.

'परिस्थिती पाहून योग्य वाटेल ते करावे.'

संजनानं ते दोनदा वाचलं. तिचे कान तापले. खेळ गेला खड्ड्यात! हा माणूस, हा शहाणा माणूस, डोंगराच्या पायथ्याशी तेच म्हणतो आणि भरलढाईतही तेच! ती खुर्ची सरकवून उठली आणि चिठ्ठी हातात घेऊन थेट हॉलमध्ये, टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"हे काय उत्तर झालं?"

फासे आल्हादच्या मुठीत राहिले. उपेंद्रकाकांनी चष्म्यावरून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "ग्रुशी बोलला. फ्रेंचांचा एक डाव बाद."

"होऊ दे बाद! मी सरळ विचारलं होतं. हो म्हणायचं, नाही म्हणायचं. योग्य वाटेल ते कर म्हणजे काय रे?"

"अरे वा!" आल्हादनं हात चोळले. "बोल संजना, बोल. मनात ठेवू नकोस. आम्हाला काही घाई नाही." आणि त्यानं आपलं सगळं घोडदळ पुढे ढकललं.

संघर्ष उभा राहिला होता. त्यानं भिंतीवरच्या आपल्याच नियमाकडे बघितलं. टेबलाकडे बघितलं. मग काय करावं या माणसानं? खिशातून पेन्सिल काढली, कागद घेतला आणि चिठ्ठी लिहायला लागला!

संजनानं कपाळावर हात मारला.

"चिठ्ठी पोचायला दोन डाव लागतील," काका म्हणाले.

"अरे लेका, ती समोर उभी आहे!" आल्हाद ओरडला.

संघर्षचा हात थांबला. खालून मालिनीकाकूंच्या कुकरची शिट्टी झाली. त्यानं आपल्या पहारेकऱ्यांकडे बघितलं. अजूनही जमलं असतं. गप्प बसला असता, एखादा डाव कळ काढली असती, तर पहारेकरी पुढे गेले असते आणि खुद्द नेपोलियननं न जिंकलेली लढाई त्यानं इंदिरानगरात जिंकली असती. त्यानं मान वर करून संजनाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं आणि हनुवटी मात्र ताठ होती.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"जाऊ नकोस, असं मला म्हणायचं होतं."

"कुठे?" ज्ञानेशनं प्रशियन मांडता मांडता विचारलं. "ग्रुशी कुठे चाललाय?"

"कोचीला रे बाबा," दारातून मालिनीकाकू म्हणाल्या. त्या शिट्टी सोडून वर आल्या होत्या. "तू गप्प बस जरा."

"तेव्हाच म्हणायचं होतं, डोंगरापाशी," संघर्ष म्हणाला. आवाज कापत होता, पण येत होता. "मग वाटलं, मी म्हणालो आणि तू खरंच थांबलीस तर? माझ्यापायी तुझं शिकायचं राहिलं, तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. म्हणून म्हटलं, गप्प बसावं."

"तू गप्प बसलास की मला काय कळणार?"

"मला वाटलं, कळतंय तुला."

"कळतं रे! पण ऐकायचंही असतं माणसाला."

काकांनी बाद डाव मोजणं सोडून दिलं होतं. नुसताच हात वर करत होते, आणि आल्हादचे लाल कोट, ज्ञानेशचे निळे कोट दोन्हीकडून सरकत होते. फ्रेंच तोफा गेल्या. चिलखती स्वार गेले, मिशांसकट.

"अख्खं सैन्य कापलं जातंय," संघर्ष म्हणाला, "तरी बोलतोय ना आता?" त्यानं एक खोल श्वास घेतला. "मला तू आवडतेस, संजना. खूप आवडतेस. रविवार कधी येतो असं होतं मला. मिशा काढायच्या राहिल्या नसत्या तर मी शिपायांना दाढ्यासुद्धा लावल्या असत्या."

हसू की रडू ते संजनाला कळेना, तेव्हा तिनं दोन्ही केलं. मालिनीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. आल्हादनं फासे टाकायचे सोडले आणि मग हळूच टाकलेही. शेवटी वेलिंग्टन तो.

"मी जाणार आहे," संजना म्हणाली.

संघर्षचा चेहरा उतरला. पण त्यानं मान हलवली. "जा. जायलाच पाहिजेस."

"वेडा! ऐक तरी. वर्षभर जाणार आहे. शिकून परत येणार आहे. मला एवढंच हवं होतं, की इथे कुणी माझी वाट बघतंय का, ते त्याच्या तोंडून कळावं. कोची काही मला पळवून नेत नव्हतं."

"बघेन," तो म्हणाला. मग एकदम, आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता, पुढचंही बोलला. "बघत कशाला बसू? मीच येतो तिकडे. सुट्टी काढून येतो. जेवढ्या वेळा मिळेल तेवढ्या वेळा येतो."

"नेपोलियन ग्रुशीकडे जातोय!" ज्ञानेश म्हणाला. "काका, असं चालतं का?"

उपेंद्रकाकांनी चष्मा काढून पुसला. "नियमात कुठेही मनाई नाही," ते म्हणाले, आणि उरलेले पहारेकरी स्वतःच्या हातानं उचलून कपाटात ठेवायला लागले. लढाई संपली होती. सम्राटाची फौज साफ झाली होती. टेबलावर दंड करायला फ्रेंचांचं एक घोडंसुद्धा उरलं नाही, आणि मग काय विचारता! संघर्ष जो बोलत सुटला, तो थांबेचना. कोचीत थंडी असते का, तिथे इडली बरी मिळते का, तिची खोली समुद्रापासून किती लांब, लॅबला रविवारी सुट्टी आहे ना... संजना त्याच्या शेजारी टेबलाच्या कडेला टेकून बसली होती आणि त्याचा हात तिच्या हातात होता. कधी घेतला, कुणी घेतला, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

मालिनीकाकूंनी सगळ्यांना गरम गरम खिचडी वाढली. ऊन उतरायला लागलं, तशी संजना फोन घेऊन गॅलरीत गेली.

"मॅडम, माझं नाव द्या. जाते मी कोचीला."

"शाब्बास! पण मागे एवढा गलका कसला गं?"

"आम्ही वॉटर्लू हरलो, मॅडम."

"मग हसतेस काय अशी?"

संजनानं मागे वळून बघितलं. आत संघर्षनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला होता, आल्हाद त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता आणि काकू चमचा हातात धरून वाट बघत होत्या. तेवढ्यात संघर्षनं मान वर केली आणि गॅलरीच्या दाराकडे बघत, आल्हादलाही लाज वाटावी अशा आवाजात तो ओरडला,

"संजना, नाशिकरोडवरून थेट गाडी आहे!"